आठव्या ट्रेचे कोणी विचारेना

मित्रांनो, मी एक जुनी चिप आहे, आणि ती दुपार आठवली की आजही माझ्या सोळाही पायांना कापरे भरते.

अंडी उबवायच्या पेटीत मी राहते. पेटीत आठ ट्रे आहेत, प्रत्येकाला एक दिवा आणि एक सेन्सर. कंट्रोलर तीन तारांवरून ज्या ट्रेचे विचारील, त्याची उष्णता मी त्याला कळवायची. तिन्ही तारांवर ‘नाही’ आले की पहिला ट्रे, तिन्हींवर ‘हो’ आले की आठवा.

जुना कंट्रोलर माझ्यासारखाच पाच व्होल्टचा होता. आमचे छान जमायचे. पेटीची मालकीण मावशी येणाऱ्याजाणाऱ्याला पेटीचे कौतुक सांगायची. तरी रोज एक अंडे मिटलेल्या पापणीला लावून ऊब बघायचीच. तो अविश्वास माझ्या मनाला फार लागायचा.

मग तो कंट्रोलर जळाला. मावशीच्या भाचीने नवा बसवला, तीन पॉइंट तीन व्होल्टचा. पाच व्होल्टवर चालताना मला साडेतीनच्या वरचाच ‘हो’ खात्रीने कळतो. याचा ‘हो’ त्याच्या खालीच राहायचा. दोन दिवस मी अंदाजाने निभावले. तिसऱ्या दुपारी मात्र तिन्ही ‘हो’ एकदम आले की ते आणखी क्षीण व्हायचे आणि मला ‘नाही’ वाटायचे.

तो आठव्याचे विचारी, मी पहिल्याचे सांगे. पहिला ट्रे दाराजवळचा, नेहमी गार. कंट्रोलरला वाटे आठवाच गार आहे, म्हणून तो आठव्याचा दिवा विझवेना. आठवा सेन्सर तापत चाललेला मला जाणवत होता, पण मला कळेल असे त्याचे कोणी विचारतच नव्हते. आत पिल्ले होती, मित्रांनो! मी भीतीने अर्धमेली झाले.

मावशीने त्या दिवशी आठव्या ट्रेतले अंडे पापणीला लावले आणि ती ओरडली, “अगं, हे तर भाजतंय!” तिने आठवा दिवा काढला.

भाची स्क्रीन बघत म्हणाली, “पहिल्याचा आणि आठव्याचा आकडा अगदी सारखा? चिप म्हातारी झालीय. काढून फेकते.”

“इतकी वर्षं नीट चाललीय ती. आधी तुझं नवं काय ते तपास.”

भाचीने मीटर लावला आणि तिचा चेहरा उतरला. “चूक माझीच गं, मावशी. हिला पाच व्होल्ट देतेय आणि त्याचे तीन पॉइंट तीन.” तिने माझी आणि सेन्सरांची विजेची तार कंट्रोलरच्याच व्होल्टवर जोडली. आता त्याचा प्रत्येक ‘हो’ मला स्वच्छ कळतो.

आठव्या ट्रेतल्या तीस अंड्यांतून बारा पिल्ले आली. अठरा आली नाहीत.

मित्रांनो, नव्याला जुन्याशी जोडण्याआधी दोघांचे व्होल्ट मोजा. दोन दिवस चालले म्हणून निर्धास्त होऊ नका. मावशी अजून रोज अंडे पापणीला लावते. आता ते माझ्या मनाला लागत नाही. तिचा हात आत येईपर्यंत मी घाबरून वाट बघते.