मामंजींची साखळी

मामंजी म्हणजे कुणाचे सासरे नव्हते. ते एका ऑनलाइन खेळातल्या तळघराचे जेलर होते. दोन मजली उंच, कमरेला किल्ल्यांचा जुडगा आणि तोंडात कायम एकच वाक्य, "इथून कुणी जात नाही." पहिल्याच रविवारी त्यांना पाहून नर्सबाई किंचाळल्या होत्या, "अगं बाई, हे तर आमचे मामंजी! मी चप्पल घातली रे घातली की विचारतात, कुठे निघालात." तेव्हापासून खेळाने दिलेलं भारदस्त नाव सगळे विसरले. मामंजी ते मामंजीच राहिले, आणि अकरा रविवार झाले तरी ते पडायचं नाव घेत नव्हते.

त्यांच्याशी लढणारी टोळी पाच जणांची. दादा हा टँक, म्हणजे सगळ्यांच्या पुढे उभं राहून मार खाणारा. त्याची बहीण छोटी ही हीलर, म्हणजे मागे उभं राहून त्याच्या जखमा भरणारी. नर्सबाई दिवसभर माणसं बरी करून इतक्या विटल्या होत्या की इथे त्यांनी धनुष्य घेतलं होतं आणि दिसेल त्याचा जीव घेत होत्या. बेकरीवाला कुऱ्हाड चालवायचा. आणि गणिताचे मास्तर जादूगार होते, पण त्यांचा खरा जीव लढाईच्या नोंदीत. खेळ प्रत्येक लढाईची नोंद ठेवतो, कोण कुठल्या सेकंदाला कुठे होतं, कुणाला किती लागलं. मास्तर तिच्यातल्या फक्त आकड्यांच्या बेरजा करून ती दर रविवारी सगळ्यांना पाठवायचे, आणि तपासलेल्या उत्तरपत्रिकेसारखी ती कुणीही उघडून बघायचं नाही.

छोटी अडतीस वर्षांची होती. कानशिलाजवळचे केस पांढरे व्हायला लागले होते, दातांच्या लॅबमध्ये तिच्या हाताखाली चार माणसं होती, पण दादा छोटी म्हणतो म्हणून सगळी टोळी तिला छोटी म्हणायची. आईवडील गेल्यावर घरात ही दोघंच. सहा वर्षांपूर्वी दादा एका बांधकामाच्या परांचीवरून पडला आणि कमरेखाली त्याचं शरीर त्याचं ऐकेनासं झालं. तेव्हापासून तो चाकाच्या खुर्चीत बसून घरूनच इमारतींचे नकाशे काढायचा. काम उत्तम, जीभ त्याहून तिखट. लोकांच्या घरांचे नकाशे काढताना तो एकाही दाराला उंबरठा ठेवायचा नाही. "खुर्ची अडकते हो," असं मालकांना सुनवायचा. त्याच्या स्वतःच्या स्वयंपाकघराला मात्र चार बोटं उंच उंबरठा होता, आणि तो काढायला सुताराला बोलवायचं सहा वर्षं राहून गेलं होतं. गरजच पडली नव्हती. आतलं जे काही हवं असेल ते छोटी आणून द्यायची.

रविवारी दुपारी तीन वाजता दोघं आपापल्या खोलीत बसायची, मधलं दार उघडं ठेवून. दादाचा आवाज तिला दोनदा ऐकू यायचा, एकदा दारातून आणि अर्ध्या सेकंदाने कानातल्या हेडफोनमधून. लढाई संपली, म्हणजे सगळे मेले, की तो दोन्हीकडून म्हणायचा, "छोटी, पाणी." ती उठायची.

दहा आठवड्यांपूर्वी तिला दुसऱ्या शहरातल्या मोठ्या दंत रुग्णालयाने बोलावलं होतं. अख्खी लॅब तिच्या हाती, नवी यंत्रं, शिकायला येणारी मुलं. तिने घाबरत घाबरत दादाला सांगितलं. दादा एका शब्दानेही नाही म्हणाला नाही. "जा की," तो म्हणाला. "मी का अडवू? फक्त एवढा मामंजी पाडू आणि मग जा. अर्धवट टाकून जाऊ नकोस."

"अरे, तिकडूनही खेळता येईल मला."

"येईल, पण तू येणार नाहीस. नवी माणसं, नवं काम. मला माहीत नाही का?"

एवढंच तर मागतोय, असं तिला वाटलं. तिने शब्द दिला. आणि मामंजी पडेनात. रुग्णालयाने दोनदा मुदत वाढवून दिली. आता सोमवारी सकाळी हो किंवा नाही कळवायचं होतं. त्यानंतर ती खुर्ची दुसऱ्या कुणाची.

टोळीचं सगळं घोडं मामंजींच्या एका साखळीपाशी अडत होतं. त्यांची ताकद अर्ध्यावर आली की ते जुडगा जमिनीवर आपटायचे, आणि टँक आणि हीलर यांच्या कमरेला एक तापलेली साखळी पडायची. साखळी दोघांना भाजत राहायची. जवळ उभं राहिलं तर हळूहळू, लांब गेलं तर भराभर. म्हणून दादाचा हुकूम ठरलेला असायचा, "जवळ ये छोटी, जवळ!" ती धावत जाऊन त्याला चिकटायची, त्याला बरं करायची, स्वतःला बरं करायची, परत त्याला. थोड्या वेळाने तिची शक्ती संपायची आणि पाचही जण आडवे. दुसऱ्यांनी मामंजींना कसं पाडलं याचे व्हिडिओ ढिगाने होते, पण ते बघायचे नाहीत हा टोळीचा नियम. दादानेच घातलेला. मास्तरांनी तो उचलून धरला, कारण कॉपी या शब्दानेच त्यांच्या अंगावर काटा यायचा.

आणि खरं सांगायचं तर, हरल्यावर छोटीला बरं वाटायचं. वाईट वाटायचंच, पण त्याच्याखाली कुठेतरी बरंही वाटायचं. अजून एक आठवडा काही ठरवायला नको. हे तिने स्वतःलाही मोकळेपणी सांगितलं नव्हतं.

शनिवारी ती लॅबमध्ये एका कवळीशी झटापट करत होती. प्लास्टरच्या दोन जबड्यांमध्ये निळा कागद धरायचा, जबडे मिटायचे, आणि जो दात आधी टेकतो त्याच्यावर निळा ठिपका उठतो. तिथे घासायचं. तिने चार वेळा घासलं, आणि चारही वेळा ठिपका त्याच दातावर. "दरवेळी तोच लागतोय म्हणजे दोष बाकीच्यांत नाही," ती हाताखालच्या मुलीला म्हणाली, आणि म्हणता म्हणता थांबली. जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून तिने मास्तरांच्या अकराही नोंदी उघडल्या.

तासाभराचं काम होतं ते. तिसऱ्या रविवारच्या शेवटच्या लढाईपाशी तिचं बोट थांबलं. ती लढाई तिला चांगली आठवत होती. बाकीचे तिघे मेले होते, साखळी पडली होती, आणि गॅसवर दूध उतू गेल्याचा वास आला म्हणून ती बटण दाबलेलं तसंच ठेवून स्वयंपाकघरात पळाली होती. पडद्यावरची तिची बाई एकटीच उलट दिशेला धावत सुटली असणार. नोंदीत पुढची ओळ होती, "साखळी तुटली." मग आठ सेकंद काहीच नाही. मेलेल्या तिघांचे पडदे काळे झालेले, ती स्वयंपाकघरात, म्हणजे त्या आठ सेकंदांत एकटा दादा बघत होता. ती हात पुसत परत आली तेव्हा तो म्हणाला होता, "मेलो. पुन्हा."

लांब जाताना साखळी भराभर भाजते, हे खरंच होतं. पण पुरतं लांब गेलं की ती तुटते. आणि हे दादाला आठ आठवडे माहीत होतं. चौथ्या रविवारपासूनच्या प्रत्येक लढाईत तिला तेच दिसलं. ती चुकून जरा लांब सरकली की दादा मामंजींना सोडून तिच्या दिशेने दोन पावलं येत होता. दरवेळी. त्याच दातावर निळा ठिपका.

तिच्या डोक्यात तिडीक गेली. घरी जाऊन त्या नोंदी त्याच्यासमोर आपटाव्यात असं वाटलं. मग वाटलं, पुढे काय? तो सॉरी म्हणेल, आपण रडू, आणि सोमवार निघून जाईल. ती घरी गेली, दोघांसाठी चहा केला आणि त्याबद्दल एक शब्द बोलली नाही. दादाने दोनदा विचारलं, "तोंड का पाडलंयस?" ती म्हणाली, "दात दुखतोय." दातांच्या लॅबवालीचा दात दुखतो यावर तो पोट धरून हसला, आणि तिला त्या हसण्याचा इतका राग आला की तिने धुताना कपाचा कान तोडला.

रविवारी तीन वाजता पाचही जण तळघरात उतरले. मामंजी म्हणाले, इथून कुणी जात नाही. नर्सबाई म्हणाल्या, "ऐकलं हो." लढाई नेहमीसारखी रंगली. ताकद अर्ध्यावर आली, जुडगा आपटला, साखळी पडली.

"जवळ ये छोटी, जवळ!"

छोटी उलट पळाली.

"अगं इकडे!" दारातून आवाज आला, मग हेडफोनमधून. ती पळतच राहिली. आणि दादा, ज्याने मामंजींसमोरून एक पाऊल हलायचं नसतं, तो तिच्या मागे धावला. साखळी ना तुटली ना सैल झाली. मामंजींनी मोकळ्या सापडलेल्या बेकरीवाल्याला चिरडलं, मग मास्तरांना, मग उरलेल्यांना.

"तुम्ही दोघं शिवणापाणी खेळताय का?" मास्तर कडाडले. "टँकने पाठलाग करायचा असतो शत्रूचा. बहिणीचा नव्हे!"

"पाच मिनिटं द्या," छोटी म्हणाली. तिने हेडफोन काढला आणि मधल्या दारात जाऊन उभी राहिली. दादाची पाठ तिच्याकडे होती. त्याने माईक बंद केल्याचा टक् आवाज झाला.

"तिसऱ्या रविवारी तुटली होती," ती म्हणाली. "दूध उतू गेलं तेव्हा."

तो वळला नाही. तसाच पडद्याकडे बघत म्हणाला, "मास्तरांच्या नोंदी कुणी वाचतं, हे मला माहीत नव्हतं."

"दादा, विनोद नकोत."

"बरं."

"आठ आठवडे मी स्वतःला शिव्या देतेय. मला जमत नाही, माझी शक्ती कमी पडते, माझ्यामुळे सगळे मरतात. आणि तू ऐकत होतास?"

"ऐकत होतो." त्याने खुर्ची वळवली. सहा वर्षांत कधी नव्हे तो त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. "त्या दिवशी मी सांगणारच होतो. खरंच. तू हात पुसत आलीस आणि मला वाटलं, आज नको, पुढच्या रविवारी सांगू. मग ते राहूनच गेलं. मला भीती वाटते छोटी. पडलो तर उचलायला कुणी नाही याची नाही. घरात आवाजच नसेल, त्याची वाटते."

छोटीला त्याच्याजवळ जाऊन खाली बसावंसं वाटलं. पाय निघालेही. तिने दाराची चौकट धरली. "मलापण भीती वाटते," ती म्हणाली. "हरलो की मला बरं वाटायचं. तू एकटा नाहीस त्यात. पण मला जायचंय, दादा. जायचंच आहे."

त्याने खुर्ची पडद्याकडे वळवली. ती परत येऊन बसली. हेडफोनमध्ये बेकरीवाला नर्सबाईंना पाव का फुगत नाही ते समजावत होता.

"चला," दादाचा आवाज आला, आधी दारातून, मग कानात. "एक सांगायचं राहिलं होतं. साखळी पडली की छोटी पळणार. मी उलट दिशेला पळणार. तेवढा वेळ मामंजींना बेकरीवाल्याने अंगावर घ्यायचं."

"हे तुम्हाला कुठून कळलं?" मास्तरांनी संशयाने विचारलं.

"कॉपी केली," दादा म्हणाला. "घरातूनच."

ताकद अर्ध्यावर आली. जुडगा आपटला. छोटी वळली आणि धावत सुटली. साखळी ताणली गेली, दोघांच्या ताकदीची लाल पट्टी भसाभस उतरायला लागली, आणि तिची बोटं सवयीने त्याला बरं करायच्या बटणाकडे गेली. त्यासाठी थांबावं लागलं असतं. ती थांबली नाही. पडद्याच्या कोपऱ्यात दादाचा ढालवाला क्षणभर जागेवर उभा राहिला, तिच्याकडे तोंड करून. मग त्याने पाठ फिरवली आणि पळाला, जड चिलखतात, जमेल तितक्या वेगाने. दोघांची पट्टी नखाएवढी उरली होती तेव्हा साखळी तुटली.

पुढचं चार मिनिटांत आटोपलं. मामंजी गुडघ्यावर आले आणि कोसळले. बेकरीवाल्याने अशी बोंब ठोकली की छोटीला हेडफोन बाजूला करावा लागला. नर्सबाई चक्क रडत होत्या आणि म्हणत होत्या, घरच्यांना सांगू नका. मास्तर म्हणाले, "नोंद पाठवतो." टोळी पांगली.

घर शांत झालं.

"छोटी, पाणी," दादा म्हणाला. आता एकदाच ऐकू आलं, दारातून.

ती उठलीच होती. तेवढ्यात तो म्हणाला, "नको. थांब. मी घेतो."

बोळातून खुर्चीची चाकं गेल्याचा आवाज आला. मग ती उंबरठ्याला आपटली. थोडं मागे. पुन्हा आपटली. छोटीने बसायच्या खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले. तिसऱ्यांदा आपटली, आणि एक शिवी ऐकू आली, आईच्या वेळची, जी घरात कितीतरी वर्षांत कुणी दिली नव्हती. तिला हाक मारायची होती, राहू दे, आले मी. तिने ओठ दाताखाली धरले. चौथ्यांदा चाकं बरीच मागे गेली. पार बैठकीपर्यंत. मग वेगात आली, काहीतरी खडखडलं, एक भांडं खाली पडून गोल गोल फिरत राहिलं.

ती जागची हलली नाही. तिच्या हातांना रग लागली होती.

भांडं थांबलं. मग नळ सुटल्याचा आवाज आला.