मुंगीचा पहारा

"शंभरपर्यंत मोज. मग उघडते दार."

आत्याचा आवाज कधी चढायचा नाही. बाहेरून कडी लावताना तर तो अगदी मऊ व्हायचा. मी शंभर मोजायचे, मग पुन्हा एकपासून मोजायचे. संध्याकाळी आई कामावरून यायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "चार वर्षांची पोर, पण शंभरपर्यंत न चुकता मोजते. सगळी वन्संची मेहनत." इतकं कौतुक, त्याला नख कोण लावणार? मी गप्प राहिले ते राहिलेच.

पुढे मी पहिलीची बाई झाले. वर्गाचं दार कधी लावून घेत नाही. वारा लागतो मला, असं सांगते.

यंदा शाळेत जुन्या काळच्या किल्ल्याचा दिवस ठरला. फ्रिजच्या खोक्यांचे बुरूज, चंदेरी कागदाची चिलखतं आणि घरच्या पडद्याचा झगा घातलेली मी राणी. पहाऱ्यावर मुंगीला उभं केलं. वर्गातली सगळ्यात लहान, म्हणून मुंगी. एरवी तोंडातून शब्द काढायची नाही. तिला बळ यावं म्हणून मीच दोन ओळी जुळवल्या आणि आठवडाभर घोकून घेतल्या:

दाराला कडी गं, कडीला पहारा,
शब्द सांगेल त्याला किल्ला खुला सारा.

"आणि शब्द नाही सांगितला तर?" मी विचारायचे.

"राणी आली तरी नाही," मुंगी म्हणायची.

परवलीचा शब्द फक्त तिला आणि राजा झालेल्या मुलाला ठाऊक. हाही नियम माझाच.

दुपारी राजाने दरबार भरवला. "राणी रोज शुद्धलेखन लिहायला लावते. टाका तिला कोठडीत." सव्वीस पोरं टाळ्या पिटत होती. त्यांचा हिरमोड कशाला, म्हणून मी हसत हसत खेळाच्या सामानाच्या खोलीत शिरले. टाचा उंचावून मुंगीने कडी सरकवली. तेवढ्यात मैदानावर ढोल वाजला, शेजारच्या वर्गाच्या बाईंनी मिरवणुकीला हाक दिली आणि राजासकट सगळी फौज पळाली.

आत खिडकी नव्हती. दिव्याचं बटण बाहेर. चटयांचा कुबट वास, आणि दाराखाली उजेडाची एक रेघ. त्या रेघेत दोन इवलेसे बूट.

"मुंगे, आहेस ना गं?"

"पहाऱ्यावर आहे."

"उघड आता. संपला खेळ."

"शब्द?"

"अगं, मी बाई आहे."

"तुम्ही कैदी आहात."

"मिरवणूक बघायची नाही का तुला?"

"राजा आला की विचारते."

तिचं काही चुकत नव्हतं. पढवलं मीच होतं. ओरडले असते तर पोर भेदरली असती, आणि एकदा ओरडायला लागले की थांबता येईल का, याची मला खात्री नव्हती. कधी मोजायला लागले, माझं मलाच कळलं नाही.

"बाई, काय मोजताय?"

"काही नाही गं. खेळतेय."

"मग खेळा." बूट पुन्हा जागच्या जागी.

अठ्ठ्याण्णव. नव्व्याण्णव. शंभर. दार उघडलं नाही. ते शंभराला कधीच उघडलं नव्हतं.

मी जमिनीवर बसले. झग्याचा बोळा मुठीत धरला आणि तोंड त्या रेघेजवळ नेलं.

"मुंगे, मी खेळत नाहीये. मला शब्द माहीत नाही. मला बंद दाराची भीती वाटते."

बूट क्षणभर तसेच राहिले. मग त्यांच्या टाचा उचलल्या गेल्या. वर कडी करकरली. पण आता मला थांबता येत नव्हतं.

"आत्या मला रोज कोंडून ठेवायची," मी म्हटलं, "आणि आईला वाटायचं, मी आकडे शिकतेय."