बिनधारेचा सुरा

मी एक बिनधारेचा सुरा आहे. हसू नका. माझं पातं वीतभर लांब, तीन कंगोऱ्यांचं, टोकाला सुईसारखं निमुळतं. भोसकायचं, एवढ्यासाठीच मला केलं. मुठीवर बोटं झाकणारी लोखंडी पट्टी आहे, तिला दाते आहेत. त्यामुळे मला पाहून माणसं आधी दचकतात.

पहिल्या महायुद्धात अमेरिकेतल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. अंधाऱ्या खंदकात माणूस माणसाच्या अंगावर आला की बंदूक वळवायला जागा नसते, तेव्हा मी. पण माझा सोल्जर खंदकापर्यंत पोचलाच नाही. फ्रान्सच्या बंदरावरच तो तापानं फणफणला. तिथं ओझी वाहणाऱ्या हिंदी पलटणीतला सहदेव त्याला पाणी पाजायचा. मरताना त्यानं मला सहदेवच्या हातात ठेवलं.

असा मी बाळापूरला आलो. नदीकाठी सहदेवचा भाजीचा मळा होता. त्याच्या बायकोनं, पार्बताबाईनं, मला पाहिलं आणि लगेच कामाला लावलं. माझं टोक ओल्या मातीत खुपसायचं, भोकात वांग्याचं रोप सोडायचं. मला ते काम आवडलं.

अकोल्याचे खुशालराव वकील एकदा कामानिमित्त बाळापूरला आले आणि पेरू घ्यायला मळ्यात शिरले. जुनी हत्यारं जमवायचा त्यांना नाद होता. त्यांनी मला धुतलं, भिंग काढलं, पट्टीखालची अक्षरं वाचली. "अमेरिकन आहे हा! विकतोस का?"

"नाई मालक. मरता माणूस देऊन गेला मले."

खुशालरावांनी मला परत दिलं, पण त्यांची नजर काही हटेना. पुढं ते दरवर्षी पेरू न्यायला येत आणि मला पाहून जात.

मग बेचाळीस साल आलं. आमच्या भागात मोर्चा निघाला, गडबडीत एका शिपायाच्या दंडावर वार झाला. घरोघर झडत्या सुरू झाल्या. वांग्याच्या वाफ्यात मी सापडलो. माझे दाते पाहून फौजदार म्हणाला, "हेच ते हत्यार." सहदेवला बेड्या पडल्या.

पार्बताबाई तशीच अकोल्याला, जुन्या शहरात खुशालरावांच्या दारात जाऊन उभी राहिली, हे मला मागाहून कळलं. मी पाहिलं ते कोर्ट.

मी मेजावर पडलो होतो. खुशालराव उठून मॅजिस्ट्रेटना म्हणाले, "साहेब, शिपायाची जखम लांब आहे, चिरलेली. हा सुरा चिरूच शकत नाही. याला धार नसते."

"घासून लावता येते की," फौजदार म्हणाला.

 एकदा मेथी कापायला म्हणून पार्बताबाईनं मला खरंच दगडावर घासलं होतं. एका कंगोऱ्यावर कितपत धार चढली, हे मलाही ठाऊक नव्हतं. मागं उभ्या पार्बताबाईनं पदर तोंडात धरला.

खुशालरावांनी मला उचललं, डावा तळवा उघडला आणि एकेक कंगोरा दाबून त्यावरून ओढला. पहिला. दुसरा. तिसरा. तळव्यावर लाल वळ उठले. रक्ताचा थेंब नाही.

साहेबांनी मान हलवली. "वाराचा आरोप टिकत नाही. पण विनापरवाना हत्यार बाळगलंच ना यानं?"

 सहदेवनं मान खाली घातली.

"त्याचा नाही तो," खुशालराव म्हणाले. "माझा आहे. मी ठेवायला दिला होता."

फौजदार हसला. आता झडती खुशालरावांच्या घरी होणार, हे सगळ्यांना कळलं.

सहदेव सुटला, मी मात्र कचेरीच्या कोठीत गेलो. दुसऱ्याच दिवशी खुशालरावांच्या घराची झडती झाली. जमदाडी, कट्यारी, बिचवे, त्यांनी आयुष्यभर जमवलेली सगळी हत्यारं जप्त करून बैलगाडीतून कोठीत, माझ्याशेजारी आणून टाकली. खुशालराव गाडीमागून चालत आले होते. दारात सहदेव उभा होता.

"काहून बोल्लात असं, मालक? मी भोगली असती सजा."

"अरे, त्या कोर्टात तुले ओयखनारा मी एकटाच होतो," खुशालराव म्हणाले. "अन् मीच गप बसू?"

सहदेव त्यांच्या पायाशी वाकायला लागला. त्यांनी त्याला वर धरलं आणि दोघं बरोबरच बाहेर गेले.

दार बंद झालं ते झालंच. आता माझ्या पट्टीवर गंज चढला आहे, अक्षरं बुजत चालली आहेत. सगळं लोखंड भट्टीत घालायचा हुकूम आलाय, असं पहारेकरी बोलत होते. घाला. फक्त त्याआधी कुणीतरी मला उजेडात नेऊन पुसा आणि नीट पाहा. खंदकासाठी घडलेला हा सुरा कुणाच्याही रक्तात भिजला नाही, एवढं पाहून ठेवा. येतो मी.