कापसाच्या खोलीतून बाहेर

पहिली आग दुपारी लागली. खोटी.

"आग लागली! निघा!" रंजीता अंगणातून ओरडली. तिचा नवरा धनराज मागच्या दाराकडे धावला, कडी काढली, दार आत ओढलं. दाराला कापूस रेटलेला. दार बोटभरही हललं नाही. सासूबाई गुणाबाई पुढच्या दारानं आल्या, तांदळाचा डबा कमरेवर घेऊन. सासरे देवाजी तर आधीच अंगणात, बिडी ओढत.

"आत्याबाई, हे काऊन आणलं जी?" रंजीतानं सासूला विचारलं.

"मंग रातच्याले खाऊ काय? राख?"

कोरपन्याकडच्या या गावात वेचलेला कापूस विकेपर्यंत घरातच राहतो. मोठी खोली आढ्यापर्यंत भरते आणि माणसं उरलेल्या जागेत सरकतात. गेल्या आठवड्यात शेजारच्या मुखरूकडे कापसावर ठेवलेल्या चार्जरनं पेट घेतला. वरून विझवला तरी आत धुमसत राहिला आणि दुसऱ्या दिवशी परत भडकला. दोन्ही वेळा उजेड होता, म्हणून सगळे निघाले.

रात्र असती तर? रंजीतानं हे जेवताना विचारलं.

म्हणून ही खोटी आग.

मागच्या दारासमोरचा कापूस हटवला. चार्जर स्वयंपाकघरात. कापसाखालून गेलेली जोडाची वायर काढून टाकली. दाराबाहेर पाण्याचा ड्रम. देवाजींच्या बिड्या आणि आगपेटी अंगणातल्या कोनाड्यात.

"बिडीले वनवास," देवाजी म्हणाले. पण दिल्या.

दुसरी आग. तीही खोटी. ऊन डोक्यावर, तरी रात्र समजून सगळे आडवे झाले. देवाजी आपल्या जागी, कापसाला खेटून, भिंतीकडे तोंड करून. घरात कापूस आला की राखण त्यांची. ही जागा त्यांनी कधी कोणाला दिली नव्हती.

"आग लागली! निघा!"

धनराज मागच्या दारानं बाहेर. गुणाबाई बाहेर, यावेळी रिकाम्या हातानं. रंजीतानं माणसं मोजली. परत मोजली.

देवाजी नव्हते.

आत ते तसेच पडलेले. पायाचा अंगठा हलत होता, म्हणजे जागे.

"नाटकी हाये तुहा सासरा," गुणाबाई हसल्या.

रंजीता त्यांच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली. "मामाजी, आग लागली जी." अंगठा हलत राहिला. मोठ्यानं म्हणाली. हलत राहिला. "मामाजी, चहा मांडू काय?"

हलतच.

गुणाबाईंचं हसू तिथंच थांबलं. चहाला हा माणूस कधी नाही म्हणाला नव्हता.

देवाजींनी कूस बदलली, तर तीन तोंडं त्यांच्याकडे बघत होती.

"काऊन? लागली काय आग?"

"लागली होती, बाबा."

"मंग इझली काय?"

कोणी हसलं नाही. तेव्हा त्यांना कळलं. "मले सप्पा, सारं ऐकू येते," ते म्हणाले, गुणाबाईंच्या ओठांकडे बघत. ओठांकडे. कधीपासून?

"बाबा, तुम्ही आतमधी झोपा," धनराज त्यांच्यासमोर बसून म्हणाला. "कापूस मी राखतो."

"म्हणजे मी कामाचा नाई."

इतक्या हळू आवाजात ते कधी बोलले नव्हते.

"ते इथीच झोपतीन," गुणाबाई म्हणाल्या. "आमा दोघाइच्या बाजा मागच्या दाराशी टाका. आग लागली का मी उठवीन."

धनराज पंख्याकडे बघायला लागला. कापसाच्या तुसानं खोकला येतो म्हणून गुणाबाई कित्येक हंगाम स्वयंपाकघरात झोपत आल्या होत्या. आणि हे वाक्य मात्र देवाजींना पहिल्या झटक्यात समजलं.

"सुनेसमोर काय बोलून राह्यली व?"

"आगीले लाज हाये काय?"

"तुले खोकला येते."

"येऊ द्या. मले खोकला, तुमाले बहिरेपण. जोडी जमली."

बाजा हलल्या. एकमेकींना खेटून, कापसापासून दूर, दाराजवळ.

तिसरी आग. रंजीता ओरडली. आतून धप्प असा आवाज आला आणि मागोमाग देवाजी पाठ चोळत बाहेर. मनगट गुणाबाईंच्या मुठीत.

"हाडं मोडते काय व?"

"मोडू द्या, जित्ते तं हा ना!"

अंगणात चौघं. रंजीतानं एकदाच मोजलं. मग सासऱ्यांच्या समोर येऊन, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "झालं जी, मामाजी. जमलं."

देवाजींनी सुनेकडे पाहिलं. मनगटाकडे पाहिलं. गुणाबाईंनी ते अजून सोडलं नव्हतं.

"कुठी जमलं? हिचा हात कच्चा हाये," ते म्हणाले. "अजून एक बार लावा आग."