रुख्मिणीची सही

लोणारच्या बसस्टँडमागच्या दवाखान्यात रुख्मिणी एकवीस वर्षं कामाला होती. मोठ्या डॉक्टरांनी, म्हणजे गुलाबरावांनी, तिला ठेवलं तेव्हा ती नुकतीच विधवा झालेली, सातवी शिकलेली. त्यांनी तिला ड्रेसिंग शिकवलं, बीपी घ्यायला शिकवलं आणि हात स्थिर आहे म्हणून इंजेक्शनही द्यायला शिकवलं. नेमणुकीचा कागद तिने मागितला नाही, त्यांनी दिला नाही. त्यांची पत्नी अंथरुणाला खिळली तेव्हा तिचं सगळं रुख्मिणीनेच केलं. मुलगा शिवम तेव्हा बारावीला होता. आई गेली त्या दुपारी तो रुख्मिणीच्या मांडीवर डोकं ठेवून रडला. पुढे वडीलही गेले, शिवम डॉक्टर होऊन त्यांच्या खुर्चीत बसला, आणि पेशंटसमोरही तिला मावशीच म्हणायचा.

मागच्या मार्चात तो मेहकरला लग्नाला गेला होता. गीताबाई नावाची शेतमजूर बाई कंबर धरून दवाखान्यात आली. तिला उभं राहवत नव्हतं. रुख्मिणीने फोन लावला.

"दुखण्याचं इंजेक्शन देऊन टाक मावशी," शिवम म्हणाला. "मले यायले संध्याकाळ होईन."

तिने कुल्ल्यावर दिलं. आजवर दिलं तसंच. पण घरी पोचेपर्यंत गीताबाईच्या पायाला मुंग्या आल्या आणि दुसऱ्या दिवशी पंजा उचलेना. नस दुखावली होती.

पोळ्याच्या सुमारास ग्राहक आयोगाची नोटीस आली, दोघांच्याही नावाने. शिवमने वकील गाठला. आठवड्याभराने पेशंट संपल्यावर त्याने तिच्यापुढे इंग्रजीत टाइप केलेला कागद ठेवला.

"काय हाय हे?"

"केसचं काम हाय मावशी. वकिलानं सांगतलं तसं लिवलं. इथं सही कर."

औषधांची नावं तिला इंग्रजीत वाचता येत, वाक्यं येत नसत. त्याने बोट ठेवलं तिथे तिने सही केली, आणि चहा ठेवायला आत गेली.

तारखेला ती एसटीने बुलढाण्याला गेली. वकिलाने एकत्र येऊ नका म्हणून सांगितलंय, असं शिवम म्हणाला होता. तो गाडीने आला. गीताबाईच्या वकिलाने तो कागद मराठीतून सांगितला. सदर महिला दवाखान्यात फक्त झाडलोट करीत होती. इंजेक्शन देण्याची मुभा तिला कधीच नव्हती. तिने ते डॉक्टरांना न विचारता, स्वतःच्या मर्जीने दिले, हे तिला कबूल आहे.

"ही सही तुमचीच का?" आयोगाच्या अध्यक्षांनी विचारलं.

रुख्मिणीने शिवमकडे पाहिलं. तो मान खाली घालून मोबाइल चाळत होता.

"हो. माहीच हाय."

खोटं तर सगळंच होतं. पण तिला लागला तो झाडलोट हा शब्द.

बाहेर बाकावर गीताबाई काठी घेऊन बसली होती. "बाई, तुमी माह्यासमोर फोन लावला होता," ती म्हणाली. "मी आयकलं. मंग असं काऊन लिवून देल्लं?"

रुख्मिणी तिच्या शेजारी टेकली. तिने गीताबाईची टाच हातात घेतली, पंजा वर केला, सोडला. तो तसाच खाली लोंबला. सुई धरणारा हात आपलाच होता, हे तिला तिथे पहिल्यांदा पुरतं कळलं.

पंधरा दिवस गेले. मग विधी सेवेच्या मोफत वकिलाकडून तिने नवा जबाब लिहून घेतला, मराठीत. सुई मीच टोचली. माझ्याकडे नर्सिंगचं शिक्षण नाही. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं होतं. तो जबाब आयोगात देण्याआधी ती शिवमच्या घरी गेली आणि त्याला वाचून दाखवला.

"माही प्रॅक्टिस बसन मावशी."

"मले समजते."

"आईची आन हाय तुले."

"तिचं नाव घेऊ नको शिवम. तिच्याजवळ शेवटी मीच बसलेली होती."

तो रडू लागला. तिचा हात त्याच्या डोक्याकडे उचलला गेला. तिने तो मागे घेतला आणि चपला घातल्या.

फोनची नोंद सापडली. निकालात मुख्य दोष डॉक्टरांवर आला, अप्रशिक्षित हाताला सुई दिल्याचा. भरपाई गीताबाईला मिळाली, पंजा मात्र उचलला नाही. शिवमने नोंदणी असलेली नर्स ठेवली. रुख्मिणीला कुणी काढलं नाही, कुणी बोलावलंही नाही. भाजीबाजारात एकदा तो गाडीतून समोरून आला. तिने पदर सावरला, काही बोलेल म्हणून थांबली. त्याने गाडी वळवली.

परवा शेजारची पुष्पांजली चक्कर येते म्हणून बीपी बघायला आली.

"मी आता नाही पाहत. दवाखान्यात जाय."

"कोनत्या?"

"शिवमच्याच जाय. हुशार डॉक्टर हाय तो," रुख्मिणी म्हणाली. दार लावून ती तिथेच उंबऱ्याशी बसली.