रेघ ठेवून

मिस्त्री जन्मभर रेघ ठेवून कापत आले. पेन्सिलीची रेघ लाकडावर शाबूत राहील अशा बेताने करवत चालवायची आणि रंध्याचा नुसता हात फिरवून सांधा बसवायचा; तुकडा मापापेक्षा मिलिमीटरभर मोठाच राहायचा. वडिलांनी कान पिळून शिकवलेलं ते. लेक लहान असताना शाळेतून थेट कारखान्यात यायची, भुशात फतकल मारायची आणि प्रत्येक कापानंतर वाकून ओरडायची, "आहे, बाबा, रेघ आहे!" काय दिवस होते ते! आठवले की मिस्त्रींचा हात अजूनही रंध्यावर थबकतो.

तीच लेक आता कॉम्प्युटरवर इमारती आखते. वाचनालयाच्या बागेतला लाकडी मंडप तिच्याकडे आला, तेव्हा तिने हट्टाने वडिलांनाच काम दिलं. छताचं कडं सोळा वाकड्या तुकड्यांचं, एकाचं माप दुसऱ्याला नाही, खिळा औषधालाही नाही. मापंसुद्धा कशी, दशांश चिन्हापुढे दोन घरं गेलेली! मिस्त्रींनी मापांचा कागद पुन्हा पुन्हा वाचला. आपल्या जुनाट सवयीने पोरीचं काम बिघडलं तर? पुन्हा ती कशाला बोलावेल? म्हणून त्यांनी डोळ्यांत तेल घालून सोळाही तुकडे रेघ खाऊन, अगदी मापाला माप कापले. लेकीला मात्र पत्ता लागू दिला नाही.

बागेत जमिनीवर कडं जुळवलं. पंधरा सांधे झकास बसले आणि सोळाव्यापाशी बोटभर फट पडली.

लेक गुडघ्यांवर बसून टेपने मोजायला लागली. "बाबा, हे तर कागदावरच्या मापाचेच आहेत!"

"मग? तसेच कापलेत. रेघ नाही ठेवली या वेळी."

"तुम्ही?" तिने कपाळाला हात लावला. हसत सुटली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. तिने लॅपटॉप त्यांच्यापुढे धरला. मापांच्या तक्त्यात प्रत्येक तुकड्यासमोर एक जादा रकाना होता: वजा एक मिलिमीटर. रकान्याच्या डोक्यावर लिहिलं होतं, 'बाबा'.

"तुम्ही रेघ ठेवणार, हे धरूनच कागदावर प्रत्येक माप मिलिमीटरभर कमी दिलं होतं मी."

मिस्त्रींनी त्या रकान्यावरून बोट फिरवलं. या यंत्रात आपल्याला जागा नाही म्हणून तीन महिने ते मनातल्या मनात झुरत होते.

"शेवटचा तुकडा आताच्यापेक्षा सोळा मिलिमीटर लांब आख," ते म्हणाले. "नवा कापतो."

"आणि तो रकाना?"

"असू दे."