वर्षभर राहणाऱ्यांची कॉलनी

बीडातली आमची कॉलनी सहकारातून उभी राहिली, म्हणजे साखर कारखान्याच्या संचालकांनी आपापल्या सोयऱ्यांना प्लॉट वाटले. माझ्या नवऱ्याला मिळाला तोही त्यातलाच, आणि नवरा वारल्यावर तो माझ्या नावावर झाला, तेव्हा मी फार बोलू नये. पण मला राहवत नाही. पूर्वी फाटकातून आत आलं की पाट्यांवर तीच ती आडनावं फिरून फिरून दिसायची. कोण कुणातला, हे विचारायची गरजच नव्हती.

मग दुष्काळ पडला. कारखाना बंद झाला, आमच्या लोकांची ऐट जीपमधून स्कूटरवर आली आणि घरं विकायला निघाली. घेणारे कोण, तर शिरूर कासारकडचे ऊसतोड मुकादम. पहिला आला उत्तरेश्वर. त्याच्या आईचा, चंद्रभागाबाईचा, सगळा जन्म उसाच्या फडात गेलेला. घर तिच्याच नावावर, कारण कारखान्याकडून घेऊन मजुरांना आगाऊ दिलेली उचल बुडाली तरी घरावर जप्ती यायला नको. मागून आले त्यांनीही तेच केलं. त्यांच्या पोरी नर्स झाल्या, पोरं फौजदार झाली, घरांना रंग लागले. आमच्या भिंतींचे पोपडे निघत राहिले.

संस्थेचे चेअरमन विठ्ठलराव. कारखाना गेला, पंचायत समिती गेली, आता कॉलनीच्या बोअरची किल्ली तेवढी त्यांच्या खिशात उरली होती. पाणी आधी कुणाच्या टाकीत सोडायचं ते त्यांनीच ठरवायचं. येत्या निवडणुकीत नवी मंडळी ही किल्ली काढून घेणार, या धास्तीनं त्यांची झोप उडाली होती.

दसऱ्यानंतर मुकादम ऊसतोडीच्या टोळ्या घेऊन परजिल्ह्यात गेले आणि विठ्ठलरावांनी लगेच सभा बोलावली. "सहा-सहा महिने जे बाहेर ऱ्हातात, त्यांना कॉलनीचं काय पडलंय? वर्षभर इथं राहील त्यालाच मत." टाळ्या पडल्या, ठराव मंजूर झाला.

मी म्हणाले, "उद्या आपल्याच अंगाशी येईल हे."

"केसरबाई, तुमी चहाचं बघा."

मी चहाचं बघितलं. साखर घातली नाही.

संक्रांतीनंतर बोअर आटला. आमची मंडळी एकेक करून पुण्याला मुलांकडं निघाली. नातवंडांची आठवण येते म्हणे. पुण्यात नळाला पाणी येतं, हे कुणाच्या तोंडून निघालं नाही. विठ्ठलरावही गेले, आणि कोरड्या बोअरची किल्ली बरोबर घेऊन गेले. मला पुण्यात कुणी नाही, म्हणून मी राहिले.

मुकादमांच्या घरांतली म्हातारी माणसंही राहिली. त्यांच्यात रीतच ती, टोळी गेली की घर म्हाताऱ्यांनी सांभाळायचं. चंद्रभागाबाईनं टँकर लावून घेतला. लिंबाखाली बसून ती सगळ्यांचे हंडे नंबरानं भरायला लावायची. मी संकोचून कडेला थांबले तर म्हणाली, "कावून उभ्या ऱ्हायल्या बाई? लावा की हंडा."

निवडणुकीला विठ्ठलराव पुण्याहून आले, इस्त्रीच्या कपड्यांत. निवडणूक घ्यायला आलेल्या सरकारी साहेबानं त्यांचाच ठराव वाचला आणि विचारलं, "वर्षभर इथं कोण कोण होतं?"

घरं ज्यांच्या नावावर होती त्या म्हाताऱ्यांनी हात वर केले; विठ्ठलरावांनी त्यांना कधी मोजलंच नव्हतं. मीही केला. टोळी घेऊन परतलेला उत्तरेश्वर दाराशी उभा होता, त्यालाही मत नव्हतं.

"अरे, हा ठराव आपल्यासाठी न्हवता," विठ्ठलराव शेजारच्या सुंदररावांना म्हणाले. सुंदररावही कालच पुण्याहून आलेले.

चंद्रभागाबाई चेअरमन झाली. खरं सांगते, मला लई बरं वाटलं. ती उठली आणि विठ्ठलरावांसमोर गुळाचा खडा न् पाण्याचा तांब्या ठेवला. "लांबून आलाव. पानी घ्या."

पाहुण्याला देतात तसं. विठ्ठलराव तहानलेले होते, प्यायले. मग खिशातून किल्ली काढून त्यांनी तिच्या हातावर ठेवली. चंद्रभागाबाईनं ती टेबलावर ठेवून दिली आणि टँकर आला का ते बघायला बाहेर गेली.